बंद दाराची उपासना

ज्या माणसाने मला प्रार्थना करायला शिकवलं, तो माणूस माझी आई गेल्यावर देवळात यायचा थांबला. माझे वडील, अण्णा. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आमची सगळी मंडळी महिनोन् महिने रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर जमून तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि प्रार्थनेला सुरुवात अण्णा करायचे. ती गेली. माती दिल्यानंतरच्या रविवारी अण्णांनी आम्हा भावंडांना नेहमीसारखं पिकअपमध्ये बसवून डिंगोऱ्याच्या अलीकडच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती देवळापाशी आणलं, गाडी चिंचेखाली लावली आणि म्हणाले, "जावा तुमी. मी हाय हितंच." पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. असं करत वर्षं गेली.

त्यांनी देवाला कधी नावं ठेवली नाहीत. ठेवली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. घरी जेवणाआधी मी प्रार्थना केली तर मान खाली घालायचे, पण 'आमेन' म्हणायचे नाहीत. मंडळीतले लोक आधी समजावून गेले, मग नुसते "सलाम, भाऊ" म्हणून चिंचेपासून पुढे जायला लागले. आणि मी? मी आत बसून गात होते खरी, पण मनातून मीही अण्णांच्या शेजारी गाडीतच बसलेली असायचे. एवढ्या माणसांनी एवढं मागितलं, मग ते गेलं कुठे, हा प्रश्न माझाही होता. फरक एवढाच की अण्णांनी तो लपवला नाही आणि मी तो गाण्याच्या पुस्तकामागे धरला.

माझ्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. आमच्या मंडळीतसुद्धा पहिलीच. हे मी सांगते तेव्हा लोकांना मिरवल्यासारखं वाटतं, तर वाटू दे. जुन्नरला कॉलेज करायला पहाटे दुधाच्या गाडीतून गेलेय मी. त्यामुळे देवळात काही लिहायचं-वाचायचं निघालं की सगळे माझ्याकडे बघायचे आणि मलाही ते आवडायचं. त्या साली पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधी आमचे पाळकसाहेब मला म्हणाले, "सणानंतरच्या रविवारी मी डिंभ्याकडच्या कुटुंबांत आहे. तिकडच्या एस.टी.चा काही भरवसा नाही, परत येणं होणार नाही. त्या दिवशीची उपासना तू बसव."

त्या रविवारी शास्त्रातला कोणता भाग वाचतात ते आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. प्रभू मेलेल्यांतून उठला, शिष्यांना भेटला, पण एक शिष्य त्या वेळी तिथे नव्हता. तो म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानायचा नाही. शंका काढणाऱ्या माणसाला आम्ही अजून त्याच्याच नावाने चिडवतो. मला वाटलं, हा भाग या वर्षी माझ्याकडे आला तो उगाच नाही. ही उपासना मी अण्णांसाठी बसवणार होते. ते आत येतील अशी. हे मी कुणालाच सांगितलं नाही, देवाला सोडून, आणि त्यालाही जरा दम दिल्यासारखंच सांगितलं.

सणाच्या दिवशी उपासना संपल्यावर चहा घेताना मी माझा बेत मांडला. ते शिष्य भिऊन दारं लावून बसले होते, म्हणून आपणही देवळाचं दार, खिडक्या लावून सुरुवात करायची. गाणं नाही, पेटी नाही. अंधारात वाचन. मग शांत बसायचं आणि ज्याला कुणाला देवाबद्दल शंका असेल त्याने ती उठून सगळ्यांसमोर सांगायची. त्यानंतर दार उघडायचं आणि मग गाणं. आमच्याकडे दर रविवारी साक्ष देतात, म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते उठून सांगतात. बैल बरा झाला, पोरगा पास झाला. शंका सांगायची चाल मात्र कधीच नव्हती.

शांतवनकाका आमच्या पंचांतले थोरले. त्यांनी बशी खाली ठेवली. "अगं, शंका घालवायला लोक देवळात येत्यात. तू त्यांला आवतन देऊन बोलवती व्हय?"

"येऊ द्या की," सुगंधामावशी म्हणाल्या. त्या माझ्या आईच्या जिवाच्या मैत्रीण, बोलायला फटकळ. "माझ्याकडं दोन-चार हायेत. घरात ठिवायला जागा न्हाई."

"आनि दारं लावल्यावर गरमीनं जीव जाईल त्याचं काय? रविवारी सकाळचीच लाइट जाती. पंखा न्हाई, काय न्हाई."

"शिष्यांकडे तरी कुठे पंखा होता, काका?" मी म्हणाले.

"त्यांच्या डोक्यावर पत्रा नव्हता, बाई." सगळे हसले. मग काकांनी मला जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "आनि कुनी बोललंच न्हाई तर?"

मी पदवीधर माणसासारखं म्हणाले, "बोलतील."

शनिवारी अण्णा ओट्यावर बसून टोमॅटोचे क्रेट दोरीने बांधत होते. मी म्हणाले, "अण्णा, उद्याची उपासना मी बसवलीय. उद्या तरी आत या."

दोरीची गाठ ओढत ते म्हणाले, "ऐकीन की."

'ऐकीन' म्हणजे बापाने लेकीचं मन राखायला म्हटलेलं 'बघू', असं मी धरलं. वाईट वाटलं, पण मी उलट बोलले नाही. अण्णा शब्द जपून वापरणारे आहेत, त्यांनी 'येईन' म्हटलं नव्हतं, 'ऐकीन' म्हटलं होतं, हे मला कॉलेज शिकूनही कळलं नाही.

रविवारी अण्णांनी गाडी चिंचेखाली लावली. मी आत गेले. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, सतरंजीवर सगळी मंडळी बसली. लाइट नव्हतीच. मी खूण केली तशी शांतवनकाकांनी दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली. आमच्या देवळाचं दार उपासनेच्या वेळी बंद झाल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या खिडक्या लावल्या. पत्र्याच्या भोकातून तेवढे उजेडाचे ठिपके खाली पडले. एक तान्हं रडलं, त्याला आईने पदराखाली घेतलं. मी वाचन केलं, पाठच होतं म्हणून बरं. मग म्हणाले, "आता ज्याच्या मनात जे असेल ते बोला. देव रागावणार नाही. त्याने त्या शिष्याला हाकललं नाही, जवळ बोलावून जखमा दाखवल्या."

कुणी बोललं नाही.

घाम पाठीवरून ओघळत होता. कुणीतरी खोकलं. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मला वाटलं आता मावशी तरी उठतील, पण मावशीही मान खाली घालून गप्प. अंधारात शांतवनकाकांचा उसासा ऐकू आला आणि त्या उसाशात 'म्हनलं व्हतं ना' हे पूर्ण वाक्य होतं. माझा सगळा बेत माझ्या हातात मेला होता. ज्या माणसासाठी बसवला तो बाहेर आणि मीच मध्ये दार लावून बसलेली. तेव्हा मी मनातल्या मनात देवाला म्हणाले, बापा, हे मला जमत नाही. आता तू बघ. आई गेल्यापासून मी केलेली ती पहिली खरी प्रार्थना असेल.

आणि दारावर थाप पडली.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हे माझ्या बेतातलं नाही म्हणून मी मान हलवली, पण अंधारात ती कुणाला दिसणार?

"कोन हाय?" काकांनी विचारलं.

"मी."

"मी कोन?"

"अरं शांतवन, मी! दार कशापायी लावलंय? काय बी ऐकू येईना."

अण्णांचा आवाज. एकदम हसू फुटलं सगळ्यांना, पोरंसुद्धा खिदळली. मग ते हसू हळूहळू विरलं, कारण काय बोललं गेलं ते एकेकाच्या ध्यानात आलं. काकांनी कडी काढली. दार उघडताच एप्रिलचं ऊन थेट भिंतीपर्यंत आत आलं आणि त्या उन्हात अण्णा उभे, खांद्यावर टॉवेल, भर सभेत कुणाला उठवल्यावर तो अवघडतो तसं तोंड करून.

सुगंधामावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "म्हंजी तुमी ऐकता व्हय, भाऊ? रोज?"

"रोज कुठं? रविवारचं."

त्यांच्या पाठीमागे मला चिंचेखालची गाडी दिसली. तिचं देवळाच्या बाजूचं दार उघडं होतं. आणि मला आठवलं, ते दर रविवारी उघडंच असायचं. मी समजत होते वाऱ्यासाठी.

अण्णा परत वळणार एवढ्यात काका म्हणाले, "आता कसं करता, भाऊ? ह्या बाईनं दार लावायला सांगितलंय. हिच्याम्होरं आमचं चालत न्हाई. आत ऱ्हाता का भाईर ते ठरवा." मला आजही कळत नाही, तो काकांचा बेरकीपणा होता की भोळेपणा. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, आत आले आणि दारालगत, चपलांच्या ढिगाशेजारीच बसले. काका पुन्हा कडीला हात घालायला निघाले तशी मी म्हणाले, "काका, राहू द्या उघडं."

पुढे काय करायचं ते माझ्या बेतात नव्हतं. मी नुसतं परत विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

अण्णाच बोलले. बसूनच, जमिनीकडे बघत. "आमच्या हिच्यासाठी आपन समद्यांनी लई मागितलं. मिळालं न्हाई. का ते मला आजून कळलं न्हाई. कुनी सांगू बी नका. पन तुमचं गानं सुरू झालं की गाडीचं दार लावून घेववत न्हाई मला. एवढंच हाय माझ्यापाशी."

आमच्या मंडळीला उत्तरं द्यायची लई हौस, पण त्या दिवशी कुणी दिलं नाही. शांतवनकाका उठून आपली पंचांची पुढची जागा सोडून मागे गेले आणि अण्णांना लागून बसले. मग मावशी बोलल्या, माझ्या आईची आठवण काढून बोलल्या, मध्येच रडल्या. मग एक जण, मग आणखी एक. शेवटी काका म्हणाले, "माझी बी एक हाय. मी प्रार्थनेत डोळे मिटले की झोपतो. देवाला राग येत असंल का?" मावशी म्हणाल्या, "घोरता, त्याचा येत असंल." उपासनेत एवढं हसलेलं आमचं देऊळ मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग गाणं. पेटीवाल्याने सूर धरायच्या आधीच अण्णांनी सुरू केलं, नेहमीसारखं उंच पट्टीत. आई असती तर तिने बायकांच्या बाजूने डोळे वटारले असते. ते काम मावशींनी केलं, "भाऊ, खाली घ्या, आमी काय कोकिळा न्हाई!" अण्णांनी खाली घेतलं नाही. आम्ही सगळे तसेच, फाटक्या आवाजात, त्यांच्यामागून वर चढत गेलो. शेवटच्या आशीर्वादानंतर सगळ्यांबरोबर अण्णांचं 'आमेन' मी ऐकलं. एवढ्या माणसांत एक आवाज वेगळा ऐकू येतो का, असं कुणी विचारलं तर सांगते, येतो.

बाहेर पडताना काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दार वाजवायला बापाला बशिवलं व्हतंस व्हय? झकास बशिवलंस!" अर्ध्या मंडळीला अजून तसंच वाटतं. पाळकसाहेबांनीही डिंभ्याहून आल्यावर ती कल्पना फार चांगली होती म्हणून मला शाबासकी दिली. मी दोघांनाही सांगितलं, ते माझं नव्हतं. माझं होतं ते दार लावणं. वाजवायला कुणी उठवलं ते ज्याचं त्याला माहीत. आईबद्दलचा माझा प्रश्न आजही सुटलेला नाही, अण्णांचाही नाही. पण तो घेऊन आत बसता येतं, एवढं आम्हा दोघांना कळलं. आणि मला एक कळलं की अण्णांना आत आणायला मी किती आटापिटा केला, पण देव तर आधीपासूनच चिंचेखाली जाऊन बसला होता. मी हात टेकले तेव्हा त्याने फक्त थाप मारायला लावली. त्या थापेबद्दल मी त्याचे उपकार कसे मानू?

आता आमच्याकडे ती चालच पडली आहे. सणानंतरच्या रविवारी दार लावतात आणि एक जण बाहेरून वाजवतो. तो मान कुणाला मिळायचा यावरून पोरांची भांडणं होतात, म्हणून पंच आधीच ठरवून टाकतात. एका वर्षी त्यांनी अण्णांना विचारलं. अण्णा तेव्हा सतरंजीवर काकांच्या शेजारी, आपल्या ठरल्या जागेवर बसले होते. म्हणाले, "मला नगं. मी बसलोय आत. दुसरं कुनी भाईर असंल, त्याला वाजवू द्या."