काकांनी कधी विचारलं नाही

नामदेवकाका गेले तेव्हा मी चाकणला कारखान्यात लाईनवर होते. मोबाईल लॉकरमध्ये, त्यामुळे कळलं ते जेवणाच्या सुट्टीत. सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी... हातातला घास तसाच राहिला. खरं सांगते, पहिला विचार त्यांचा नव्हताच. माफी मागायची राहिली, हाच होता.

काका मूळचे आमच्या चिखलीचेच, सोसायटीत आमच्या समोरच्या घरात राहायचे. उभा जन्म कंपनीच्या टूल स्टोअरमध्ये काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर गॅलरीत लोखंडी रॅक लावून त्यांनी पोरांसाठी पुस्तकं मांडली. नियम स्टोअरचाच. "आपण हत्यार द्यायचं. त्यानं काय घडवलं ते बघाया जायचं न्हाई," म्हणायचे. कुठल्याही पोराला त्यांनी काय वाचलंस, काय समजलं, असं कधी विचारलं नाही. पुस्तक अर्धवट परत आलं तरी, "न्हाई बसलं व्हय हाताला? दुसरं ने."

माझी आर्या पाचवीत असताना तिथं चिकटली. जेवताना पुस्तक, दात घासताना पुस्तक. मला कोण आनंद झाला, आणि तिथंच मी माती खाल्ली. मी क्वालिटी इन्स्पेक्टर. दिवसभर मापाचं गेज लावून पार्ट तपासायचे आणि चेकशीट भरायची. घरीही चेकशीट केली हो मी! पुस्तकाचं नाव, पानं, दहा नवे शब्द, तात्पर्य आणि खाली माझी सही. सही झाल्याशिवाय पुढचं पुस्तक नाही. आर्यानं चार पुस्तकांचं सगळं भरलं. पाचवं उघडलंच नाही.

काकांनी मला जिन्यात गाठलं. "वैशाली, पोरगी हाय ती, मशीनवरचा पार्ट न्हाई. ओके का रिजेक्ट, कशापायी ठरवतीस?" मी भडकले. "काका, तुमचं शिक्षण किती? माझ्या मुलीचं मी बघेन." काका खाली उतरले. ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चेकशीट मी नंतर फाडली, पण वर्षभर आर्यानं घरात गोष्टीच्या पुस्तकाला हात लावला नाही. मी तिच्या दप्तरात, उशीखाली चोरासारखी शोधायची. काही सापडायचं नाही. पोरीचं वाचन मीच मारलं, या धास्तीनं जीव अर्धा झाला. काकांकडे जायला तोंड नव्हतं... आणि आता काकाच नव्हते.

तेराव्यानंतर काकांच्या बायकोकडे, शांताकाकींकडे गेले, रडत सगळं कबूल केलं. काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, आर्या रोज येती की! तू कामावरनं यायच्या आत वाचून जाती. ह्यांनी मला दम दिलता, वैशालीला बोलायचं न्हाई म्हणून."

घरी येऊन मी आर्याला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं असतंस, काय समजलं."

काकी गॅलरी अजून उघडी ठेवतात. सुट्टीच्या दिवशी मीही जाते, एका कोपऱ्यात बसते. परवा वाचता वाचता आर्या हसली आणि लगेच तिनं डोळे पुसले. 'काय झालं गं?' अगदी ओठांवर आलं होतं. मी दात आवळून धरले. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आता ही विचारणार म्हणून... मी रॅकवरचं हाताला लागलं ते पुस्तक उघडलं. मग तिनं पान उलटलं.