अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे गळ्याशपथच की

सोमवारी आईबरोबर तहसील कचेरीत गेलते. अ‍ॅफिडेव्हिट करायचं होतं... दहावीला बाहेरून बसायचं तर मधली वर्षं आपण कुठल्याच शाळेत नव्हतो, असं लिहून द्यावं लागतं. फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

वडील, आमचे आण्णा, अंथरुणाला खिळले आणि आठवीनंतर माझी शाळा सुटली. तेव्हापासून घरीच शिलाई करते. कुणी शाळेचं विचारलं की मी आत निघून जाते...

बाहेर बसणाऱ्या टायपिंगवाल्या काकांनी कागद तयार करून दिला. आईला त्या कागदाचीच भीती वाटत होती. ज्याच्यावर केस असती तोच असले कागद करतो, असं तिचं म्हणणं.

आत टेबलामागच्या मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, हे सगळं खरं आहे का? माझ्याऐवजी आईच बोलायला लागली. मॅडम म्हणाल्या, पोरगी अठरा पूर्ण आहे, तिलाच सांगू दे.

मागं ही मोठी लाईन... मी नुसती टेबलाकडं बघत राहिले. मागचे दूधवाले मामा म्हणाले, "बोल की गं बाई, माझं दूध नासायलंय गाडीवर." सगळे हसले. मग तर विषयच संपला.

आणि माझा हात आपोआप गळ्याकडं गेला. भावाशी भांडताना करते तशी, गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ... केल्यावर कळलं काय केलं ते. आता हाकलणार, असंच वाटलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरोबर केलंस बाळ. अ‍ॅफिडेव्हिट हा जुना लॅटिन शब्द आहे. 'याने शपथेवर सांगितलंय', एवढाच त्याचा अर्थ. आधी माणसानं सांगायचं, मग कागदानं. तुझी शपथ झाली, आता सांग."

"आठवीनंतर मी शाळेत गेले न्हाय. घरात अडचण होती. आता दहावीला बसायचंय."

मलाच माझा आवाज मोठा वाटला... लाईनीत यावेळी कुणी हसलं नाही. शिक्का बसला, मंगळवारी फॉर्म गेला.

बाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुझा आवाज आण्णांवर गेलाय की गं." इतक्या वर्षांत तिनं तो असा ऐकलाच नव्हता बहुतेक...

मॅडम, तुमचं नाव विचारायचं राहिलं. थँक्यू.