एर्लीनबाईंची खिडकी

मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात गिटार वाजवायची तर वीज लागायची, आणि वीज यायची एर्लीन मॅक्लिनबाईंच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून. वायर खाली सोडताना बाईंची एकच अट असे: पहिलं गाणं खिडकीचं, म्हणजे बाई सांगतील ते. हा रिवाज मोडायची कोणाची छाती नव्हती. बाई कत्तलखान्यात हाडं तोडायच्या. हाताला जोर होता, आणि जिभेला तर विचारूच नका. मी खाली त्यांच्याच दाराशी मोजे विकायचो, म्हणून मला सगळं ठाऊक.

क्लिओथा बँक्स मिसिसिपीहून आला तेव्हा त्याला कुत्रं विचारत नव्हतं. बाईंनी त्याला वायर दिली, वर तळलेला मासा खाऊ घातला. हळूहळू त्याचं नाव झालं, आणि एका रविवारी रेकॉर्ड कंपनीची माणसं बॅटरीवरचं यंत्र घेऊन गल्लीत हजर झाली.

"क्लिओथा, आधी माझं!" बाई खिडकीतून ओरडल्या. त्यांचं गाणं ठरलेलं होतं, आई कापूस वेचताना म्हणायची ते.

"आज नको हो बाई, पाहुणे खोळंबलेत," म्हणत त्यानं स्वतःचं गाणं सुरू केलं. गरज सरो, वैद्य मरो! बाईंनी त्याला पार रंगात येऊ दिलं आणि मग प्लग उपटला.

गिटार मुकी झाली. पण लोकांच्या ठेक्यातल्या टाळ्या काही थांबल्या नाहीत, आणि तोही पठ्ठ्या उघड्या गळ्यानं गात राहिला. शेवटी वर बघून ओरडला, "एर्लीनबाई, लावा ना हो! चुकलो!"

बाईंनी प्लग लावला. गिटार अशी काही गरजत परत आली की माझ्या अंगावर काटा आला.

हे सगळं जसंच्या तसं त्या रेकॉर्डवर आहे, आणि आज इतक्या वर्षांनीही लोक ती डोक्यावर घेतात. गिटारच्या त्या मधल्या खंडावर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली. क्लिओथानंही मुलाखतींतून ठोकून दिलं की कल्पना त्याचीच.

"मारू दे थापा," बाई म्हणायच्या. "रेकॉर्डवर नाव कोणाचं घेतोय ते ऐका म्हणावं."

रेकॉर्डच्या वेष्टनावर बाई कुठेच नव्हत्या. होत्या त्या फक्त त्या खंडातल्या हाकेत. पुढे गल्ली पाडली, तेव्हा खिडकीही गेली. मग तर तेवढंच उरलं.

मध्यंतरी कंपनीनं त्या रेकॉर्डचा सोहळा केला. आम्हा जुन्या गल्लीकरांना, त्यात बाईंनाही, मागच्या रांगेत बसवलं होतं. कंपनीचा एक तरुण साहेब मंचावरून म्हणाला, "जुन्या रेकॉर्डमध्ये एक उणीव होती. नव्या आवृत्तीत ती आम्ही भरून काढली आहे." आणि त्यानं गाणं लावलं.

गिटार सरळ वाजत गेली. खंड नाही, हाक नाही, एर्लीनबाई नाहीत. मंचावर बसलेला म्हातारा क्लिओथा आपल्या बुटांकडे बघत होता. त्याला आधीच माहीत होतं, दुसरं काय!

बाई काठी टेकत उठल्या.

"बाई, बसा," मी म्हणालो.

"माझं नाव पुसलंय मेल्यांनी, आणि मी बसू?"

कर्ण्यांची वायर भिंतीकडेनं गेली होती. बाईंना वायरी काय नव्या होत्या! त्यांनी खसकन प्लग उपटला.

साहेब धावत आला. "आजी, काय करताय? लावा ते आधी!"

"तू नको सांगूस. ज्यानं सांगायचं तो वर बसलाय."

सगळं सभागृह क्लिओथाकडे बघू लागलं. मी टाळी धरली, त्या रविवारच्याच ठेक्यात, आणि आमच्या अख्ख्या रांगेनं ती उचलली. नवी आवृत्ती बाजारात आली तेव्हा खंड जागच्या जागी होता, पण ती नंतरची गोष्ट. त्या दुपारी क्लिओथा खुर्चीचा हात धरून उभा राहिला आणि फाटक्या गळ्यानं गाऊ लागला. स्वतःचं नव्हे, बाईंच्या आईचं, कापसाचं गाणं.

एक कडवं झालं आणि त्याला धाप लागली. "एर्लीनबाई, लावा ना हो," तो म्हणाला. "चुकलो."

बाईंनी प्लग छातीशी धरला.

"आधी माझं गाणं पुरं कर."