ओट्यावरचा प्रेक्षक

"चला, माहा स्टॉप आला," म्हणत कंडक्टरकाका उठले, की समजायचं, सामना रंगात आला आहे.

एसटीतून निवृत्त होऊन ते समुद्रपुरात आमच्या शेजारी राहायला आले. आपण पाहिलं की भारत हरतो, असं मानणारा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. पण आमच्या काकांची निष्ठा पक्की. शेवटची षटकं आली की ते आमच्या ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसत, दोन्ही कानांत बोटं घालून. जिंकलो, की आत येऊन माझ्या बायकोला पहिलं वाक्य, "चाय मांड, सूनबाई! मी बाहेर होतो म्हणून जमलं." हरलो, तर "बोट ढिलं पडलं असन," म्हणत खाली मान घालून घरी जात.

मी एकदा चेष्टा केली. म्हणाले, "हसू नको, मास्तर. पोराची कबड्डीची फायनल मी समोर बसून पाह्यली. हारला. त्या रात्री जेवलाबी नाई. तवापासून मी नाई पाहत."

माझ्या बायकोला कोरियन मालिकांचा भारी नाद. एका रविवारी दुपारी तिने हिंदीत डब केलेला एक सिनेमा लावला. जुना कोरिया, डोक्यावर बुचडे बांधलेली माणसं आणि तिथे नुकताच आलेला बेसबॉल. लांब झगे सावरत धावणारे खेळाडू पाहून काका खूष. "अबे, हे त आपल्यावानी धोतर खोचून पळून राह्यले!"

पुढे देशावर जपान्यांचा अंमल बसला आणि त्यांच्याच शिपायांशी सामना ठरला. काका खुर्चीच्या टोकावर आले. "आता हे जिंकलेच पाह्यजे." आणि शेवटचा डाव सुरू होताच उठले.

"अहो काका, सिनेमा आहे हा. सगळं आधीच ठरलेलं आहे."

"अन् माह्या नजरेनं बिघडलं त?"

आत कोरियन हरले. थोडक्यात, पण हरलेच. काका दारात आले. मी तोंड उघडणार, तोच बायको म्हणाली, "जिंकले, मामाजी." सासऱ्याच्या मानाने ती त्यांना मामाजीच म्हणे.

"पाह्यलं!" काका गरजले. "चाय मांड!"

मग काय, दर दोन-चार महिन्यांनी तोच सिनेमा, तोच ओटा, तोच चहा. नागपूरहून आलेला भाचा एकदा "पण मामी, ते तर..." म्हणाला, तर हिने त्याच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

काका मागच्या उन्हाळ्यात गेले.

परवा बायकोने तो सिनेमा पुन्हा लावला. शेवटचा डाव आला आणि ती उठली, ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली. मी एकटाच पाहत राहिलो. या खेपेला तरी जिंकतील, असं वेड्यासारखं वाटत होतं. हरले. काकांची फार आठवण आली.

मी दारात गेलो.

"काय झालं जी?" तिने मागे न वळता विचारलं.

"जिंकले."

"मंग चाय मांडतो," ती म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.