गोराईचं जेवण

फिरायला निघाल्यावर जेवायचं कुठे, हे माझ्या नवऱ्याला विचारावं. पवईच्या तळ्यापाशी भजी कोण ताजी तळतो, माहुलला कोणाच्या घरी ओले बोंबील मिळतात, सगळं त्याला तोंडपाठ. पाटी लावलेल्या हॉटेलात पाय ठेवायचा नाही. वास घेत घर शोधायचं आणि चुलीपुढच्या बाईला 'मावशी, मावशी' करून पाघळवायचं. लोक म्हणायचे, काय नशीब काढलंन हिनं! तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायची. इथे कशाला करू?

माझं नशीब बोरिवलीच्या खोलीत, दाराला कडी लागल्यावर दिसायचं. मीठ कमी पडलं की कानाखाली. भात चिकट झाला की पाठीत लाथ. एकदा आमटी गार म्हणून वाटीच फेकून मारली, भुवई फुटली. माहेरी सांगितलं तर आई म्हणते, "अगं, दर रविवारी फिरायला नेतो ना तो तुला?" आणि खरं सांगते, रविवारची मीही वाट बघायची. स्वयंपाक दुसरीचा, म्हणजे चूकही दुसरीची. आठवड्यातलं एक जेवण छातीत धडधड न होता घशाखाली उतरायचं. तेवढंच हवं होतं मला, जास्त काही नाही.

पासष्ट-सहासष्टची गोष्ट, मे महिना. होडीने खाडी ओलांडून गोराईला उतरलो. तिथे एक ख्रिश्चन मावशी घरी जेवण करून द्यायची. सकाळी सांगून ठेवायचं, समुद्रावर हिंडून यायचं, एकच्या सुमाराला ताट तयार. त्या दिवशी तिच्या अंगणात दोन बाया वर्षाचा मसाला कांडत होत्या. माणसाच्या उंचीची मुसळं, एकीचं वर तर दुसरीचं खाली, धप् धप्. मिरचीच्या खाटाने आम्ही शिंकतच ओटीवर जेवायला बसलो.

कोंबडीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. पहिल्याच घासाला माझ्या तोंडून निघून गेलं, "आई गं, काय झकास झालंय! मावशी, अजून वाढा ना."

"घरी उपाशी ठेवतो का मी तुला?" म्हणत त्याने उलट्या हाताची ठेवून दिली. डोकं खांबावर आपटलं, ओठ फाटला, त्यात तिखटाचा रस्सा. आग आग झाली. पण त्याहून जास्त मनात आलं ते हे, की मेला माझा रविवारही गेला.

अंगणातली धपधप थांबली. मावशी लुगडं खोचत बाहेर आली.

"ऊठ रे. माझ्या घरात बाईला मारून कोण जेवत नाय."

"बायको आहे माझी, तुम्ही मध्ये पडू नका," तो म्हणाला आणि त्याने माझ्या झिंज्या धरून मला ओढत अंगणात नेलं, थेट उखळापाशी. कांडणाऱ्या बायांतल्या थोरलीने आपलं मुसळ माझ्यापुढे धरलं. मी घेतलं. काय जड होतं! दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या पायावर, चपलेतल्या बोटांवर, असेल नसेल तेवढ्या जोराने खाली आणलं. हाड मोडल्याचं कानांनी ऐकलं. तो खाली बसला, गुरासारखा ओरडला. मी पुन्हा मारलं. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, कळतं मला. बरं वाटलं म्हणून मारलं.

"घरी चल गं," तो रडत म्हणाला.

"माझं जेवण व्हायचंय," मी म्हटलं आणि ओटीवर जाऊन बसले. ओठातून रक्त येत होतं तरी दोन भाकऱ्या खाल्ल्या. कालवण मागून घेतलं. मावशीने रस्सा वाढला, वर कोंबडीची तंगडी घातली.

संसार पुढे त्याच्याबरोबरच केला. जाणार कुठे होते? त्याने पुन्हा मला कधी फिरायला नेलं नाही. पण दर मे महिन्यात मी एकटी होडीत बसून गोराईला जायची, मावशीकडचा मसाला घेऊन यायची. त्याचं ताट वाढलं, मसाल्याचा वास आला, की तो वाकडा पाय हळूच मांडीखाली ओढून घ्यायचा. मीठ कधी कधी मी मुद्दाम कमी घालायची. मुकाट्याने जेवायचा.