गुरुवारचा माझा तास

रिपोर्टवर 'इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा' असं लिहिलं होतं. सर्जन बाईंनी त्याखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या, "डाव्या स्तनाचा कॅन्सर आहे. गाठ लहान आहे. आधी ऑपरेशन करू, मग पुढचं ठरवू." मी विचारलं, मुलांच्या परीक्षा संपल्यावर केलं तर चालेल का. नंदनवन भागातल्या एका शाळेत मी गणित शिकवते. बाईंनी माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याकडे पाहून सांगितलं, "दोन-तीन आठवड्यांच्या आत करू."

मला रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी मी अख्खी झाले होते. घरी येऊन वांग्याची भाजी केली. मीठ बरोबर पडलं होतं.

गाठ मला दोन महिने आधीच अंघोळ करताना लागली होती. दुखत नव्हती, म्हणून मी गप्प बसले. बायांनो, तुम्ही बसू नका. दुखो न दुखो, गाठ दाखवायची असते.

शेवटी दाखवली तेव्हा मॅमोग्राम झाला, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. त्यानंतर बायोप्सी झाली, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं. या तपासण्यांपेक्षा बाहेरच्या खुर्च्याच जास्त लक्षात आहेत. टीव्हीवर आवाज बंद करून मालिका चालू असायची आणि मी तिच्यातल्या बायकांच्या साड्या बघत बसायचे.

मी कॅथलिक. माझा नवरा सुधाकर उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातला. त्याच्या बापाचा हातमाग होता, याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाला चोवीस वर्षं झाली. चर्चच्या फाटकापर्यंत सोडायला तो दर वेळी यायचा, आत कधी आला नाही. भांडण वगैरे काही नव्हतं. तो बाहेर स्कूटरवर पेपर वाचत बसायचा.

आमच्या चर्चच्या छोट्या चॅपेलमध्ये, म्हणजे बाजूच्या प्रार्थनेच्या खोलीत, दर गुरुवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आराधना असते. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, पवित्र केलेली पांढरी गोल भाकर सोनेरी किरणांच्या पात्रात वेदीवर ठेवतात. ते ख्रिस्ताचं शरीर आहे, तो स्वतः तिथे आहे, असं आम्ही मानतो. म्हणून त्याला एकट्याला सोडायचं नाही. तासातासाला माणसं वाटलेली असतात, आणि पुढचं माणूस आल्याशिवाय आधीच्याने उठायचं नसतं. दोन ते तीन हा तास माझा. तासांची वहीही माझ्याचकडे. कोणी पाच मिनिटं उशिरा आलं तर मी वर्गात बघते तशी बघायचे.

निदानानंतरचे दोन्ही गुरुवार मी गेले, पण प्रार्थना होईना. जपमाळेचे मणी बोटांतून सरकत होते, शब्द नव्हते. 'मला बरं कर' एवढं साधं वाक्यसुद्धा आतून निघेना. मी घड्याळाकडे बघत तास काढला. कॅन्सरपेक्षा मला याचीच धास्ती जास्त होती. इतकी वर्षं ज्याच्याशी बोलले, त्याच्याशी ऐन वेळी बोलताच येत नाही, म्हणजे आमचं संपलंच असं वाटायचं. रविवारी मिस्साला जाणं मी बंद केलं. सुधाकरला सांगितलं, पाय दुखतात.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. कॅन्सर पसरायला लागला तर आधी काखेत मुळातच असलेल्या एका छोट्या ग्रंथीत जातो, तिला 'सेंटिनल नोड' म्हणतात. ती काढून, मी टेबलावर असतानाच, गोठवून तपासणार. याला 'फ्रोझन सेक्शन'. ती ग्रंथी स्वच्छ निघाली तर बरं. नाही निघाली तर काख उघडायची आणि पुढची सगळी वाट लांबची. मी मान हलवली, जसं काही दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय.

त्या दुपारी मी हिरवा गाऊन घालून बसले होते. नर्सने अंगठी आणि जपमाळ काढायला लावली, ती मी सुधाकरच्या हातात दिली. माळ बघितली आणि आठवलं.

"आज गुरुवार आहे," मी म्हणाले. "दोनले माझा तास आहे. मी कोणालेच सांगितलं नाही."

"मंग? इथं तुयं ऑपरेशन आहे."

"ताई आहेत इथं. तू जा."

"मले काय येते वं तिथचं?"

"काहीच येऊ नाही लागत. आत जायचं, बसायचं. पुढचं माणूस आल्याशिवाय उठायचं नाही."

तो माळ शर्टाच्या खिशात टाकून गेला. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, कुंदाताई, उमरेडहून आल्या होत्या. भावाला पाठवलं म्हणून त्या माझ्यावर चिडल्याच.

शुद्धीवर आले तेव्हा सर्जन बाई वाकून सांगत होत्या, "नोड स्वच्छ आहे. काख उघडावी लागली नाही." मला आनंद झाला नाही. ऐकू आलं, एवढंच.

कुंदाताई फोन लावून लावून थकल्या होत्या. सुधाकरचा फोन बंद. साडेपाचला तो आला, घामाने भिजलेला, आणि निकाल विचारायच्या आधी म्हणाला, "पुढचं माणूस आलंच नाही. कसं उठाव?"

ताईंनी त्याला आधी निकाल सांगितला, मग झापलं. तो स्टुलावर बसला आणि रुमालाने चेहरा पुसला.

झालं असं होतं की त्या आठवड्यात आराधनाच नव्हती. फादर रिट्रीटला, म्हणजे काही दिवसांच्या एकांत प्रार्थनेला, गेले होते, रविवारी मिस्सात तसं सांगितलंही होतं. वही सांभाळणारीच मिस्साला नव्हती. दारावर मोबाइल बंद ठेवायची पाटी होती, म्हणून त्याने तो बंद केला. पाच वाजता फुलं बदलायला सिस्टर आल्या, तेव्हा कळलं.

"मग तू कशासमोर बसला होता?" मी विचारलं.

"एक पेटी होती. बाजूले लाल दिवा. मले वाटलं हेच असन. सिस्टर म्हणे, ती पवित्र भाकर एरवी ह्याच पेटीत असते, दिवा लागला आहे म्हणजे तो आत आहेच, तुमचं बसणं वाया नाही गेलं."

"काय मागितलं?"

"काई नाही," तो म्हणाला. "तू बस म्हणाली होती. मागाचं कुठं सांगितलं होतं?"

तेव्हा मी रडले. टाके ताणले जाईपर्यंत रडले, नर्स धावत आली. मी काठाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे माहीत नसताना हा माणूस तीन तास एका बंद पेटीसमोर बसून होता, माझ्या जागी. आणि माझे ते दोन गुरुवार मी बाद धरून बसले होते. तिथे शब्द नव्हते, पण मी होते.

पुढे रेडिएशन झालं, म्हणजे किरणांचा उपचार. त्या काळात गुरुवार सुधाकरनेच सांभाळला. सर्जन बाईंची मी ऋणी आहे, कुंदाताईंच्या डब्याची आणि बोलण्यांचीही. तुमच्यापैकी कोणाची प्रार्थना आजारात आटली असेल, तर घाबरू नका, जाऊन बसा.

आता मी परत माझ्या तासाला जाते. सुधाकर पुन्हा बाहेर स्कूटरवर असतो, पेपर वाचत. बधिरपणा अजून पूर्ण गेलेला नाही, बऱ्याचदा काहीच सुचत नाही. मी बसते. पुढचं माणूस येईपर्यंत उठत नाही.