रेषेबाहेरचं बेट

आलेख समोर आला की मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या, कागदाला जवळजवळ नाक लावायच्या आणि रेषेपासून दूर पडलेल्या एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारायच्या, "हा कोण?" लग्नाच्या फोटोत अनोळखी पाहुणा दिसावा आणि त्याची चौकशी करावी, तसा सूर असायचा.

गोंदियातल्या ज्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तिथेच त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. मूळच्या दरेकशाकडच्या, पोवार शेतकरी घरातल्या. वर्गात नीट पुस्तकी मराठी, फोनवर भावाशी पोवारी, शिपायाशी हिंदी, आणि राग आला किंवा जीव लागला की झाडीबोली. माझ्याशी त्या बहुतेक झाडीबोलीतच बोलायच्या. दोन्हींपैकी कारण कोणतं, ते मी कधी विचारलं नाही.

माझी पीएच.डी. चालू होती. नवेगाव बांधच्या परिसरातल्या तलावांत लहान लहान बेटं आहेत. प्रत्येक बेटावर किती जातींच्या वनस्पती आहेत ते मी मोजायचं, आणि बेटाचा आकार नि काठापासूनचं अंतर यांवरून तो आकडा सांगता येतो का, याचं गणित मॅडमनी मांडायचं, असं ठरलं होतं. मला गणिताचा धाक. त्यांनी समजावलं ते असं: "घर मोठं असलं तर माणसं जास्त राहतात. पण घर दुप्पट केलं म्हणून माणसं दुप्पट नाही होत. आणि रस्त्याजवळच्या घरी पाहुणे जास्त येतात. बस, इतकंच आहे."

बेटं रेषेच्या आसपास छान बसली. एक सोडून. ते आकाराने लहान, काठापासून दूर, आणि तरी माझ्या मोजणीत त्यावर जाती भरमसाट.

माझे मार्गदर्शक दुसऱ्या शहरातले. आलेख पाहून ते फोनवर शांतपणे म्हणाले, "तुम्ही एकच जात दोन नावांनी मोजली असेल. हे बेट काढून टाका. नाहीतर बाकीच्या मोजणीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

मला ते फार लागलं. त्या बेटावर मी उन्हात गुडघ्यांवर बसून पानन् पान तपासलं होतं. तरी घरी गेल्यावर शंका यायला लागली. खरंच चुकले असेन तर? घास गिळवेना. शेवटी मॅडमकडे जाऊन म्हटलं, "ते बेट काढून टाकू या."

"कायले?"

"रेषेत बसत नाही."

"रेषेले आवडत नाही म्हणून काढाचं? चूक दाखव, मी आत्ता काढते." मग म्हणाल्या, "तू खोटं मोजणारी नाहीस. पण मी म्हणते म्हणून कोणी मानणार नाही. रविवारी जाऊन पाहू."

"मॅडम, डोंग्यात बसावं लागेल."

त्यांना पाण्याची भीती होती, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. सहलीत बाकीचे नौकाविहाराला जायचे तेव्हा त्या सगळ्यांच्या चपला राखत काठावर बसायच्या.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि पेपर तपासायला लागल्या.

हिवाळा सरत आला होता, पाणी उतरायला लागलं होतं. डोंग्यात मॅडम मधोमध बसल्या, दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून. मी काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "बोलू नको माझ्याशी." नावाड्याने काळजीने विचारलं, "बाई, तब्येत बरी हाय ना?"

"तुम्ही वल्हवा."

बेटावर उतरल्या आणि पहिलाच पाय पडला तो वाळलेल्या शेणावर. मॅडमनी वाकून पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला. "हा कोण?"

नावाडी म्हणाला, "मले नाही माहीत बाई, मी त्या काठचा."

बेटाच्या मागच्या बाजूला बेशरमच्या झुडपांची दाट भिंत होती. पलीकडे पाणीच असणार, असं मी धरून चालले होते. मॅडम फांद्या बाजूला सारत आत शिरल्या. थोड्या वेळाने हाक आली. जाऊन पाहते तो समोर एका जुन्या, बुजलेल्या बांधाचा उंचवटा पाण्यातून वर आलेला, थेट काठापर्यंत गेलेला. वर नुसता चिखल, आणि चिखलात गुरांच्या खुरांचे ठसे.

"अगं, हे बेट नाहीच," मॅडम म्हणाल्या. "पाणी उतरलं की गुरं इथं चालत येऊन राहिली."

मग आम्ही माझ्या जास्तीच्या जाती पुन्हा शोधल्या. गोखरू, तरोटा, धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची गवतं. सगळं शेताकडचं, गुरांच्या अंगाला नि खुरांच्या चिखलाला चिकटून आलेलं. प्रत्येक जात जागेवर होती.

"तुझी मोजणी खरी. चुकलं माझं अंतर. मी भर पावसाळ्यातल्या नकाशावर मोजलं." स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद झालेलं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलं. मी मात्र तिथेच बसून रडले. त्या माझ्या ओढणीत अडकलेले गोखरू एकेक काढत राहिल्या.

परतताना डोंग्यात बसायला त्यांनी साफ नकार दिला. चपला हातात घेऊन, पोटऱ्यांपर्यंत चिखलात बुडत, त्या गुरांच्याच वाटेने काठाला आल्या.

नंतर आम्ही प्रत्येक बेट किती काळ जमिनीला जोडलेलं असतं तेही गणितात घेतलं. आलेख सुधारला. आणखी एक ठिपका थोडा दूर राहिलाच. "राहू दे," मॅडम म्हणाल्या. "कारण माहीत नाही असं लिही. त्यात कायची लाज?"

मार्गदर्शकांनी सगळं वाचलं आणि फोन केला, "ठीक आहे. ते बेट राहू द्या." मी धावत स्टाफरूममध्ये गेले. मॅडम डबा खात होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण माझ्यापुढे सरकवलं, त्यात भात वाढला. "मग जेव आता." किती दिवसांनी मला भाताची चव कळली.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. समारंभ आटोपून मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. दरेकशाला थांबणारी गाडी लागलेलीच होती, खिडकीजवळ जागाही मिळाली. मी पाण्याची बाटली घेऊन परत आले तो मॅडम खिडकीच्या गजांना डोकं टेकून गाढ झोपलेल्या, मांडीवर समारंभातली शाल, तोंड किंचित उघडं. उठवावंसं वाटलं नाही. समोरच्या बाईंकडे बाटली दिली आणि दरेकसा आलं की यांना उठवा, असं हळूच सांगितलं.

गाडी हलली. त्या बाईंनी बाटली मॅडमच्या शेजारी नीट ठेवली आणि मला हातानेच खूण केली, जा तू, मी पाहते.